इंजिन आणि डबा

शाळेत आमच्या खेळाच्या सरांनी आम्हा दोघी मैत्रिणींना टोपणनावं दिली होती. मी इंजिन, ती डबा. सायकलवर मी पुढे, ती मागे, हे पाचवीपासून ठरलेलं. तिच्या पायांत जोर नव्हता असं नाही, पण तिला वाटेत थांबून बघायची भारी खोड. एकदा चढावर कुणाचीतरी चप्पल पडलेली दिसली तर म्हणते, "एकच कशी गं पडली? तो माणूस पुढे लंगडत गेला असेल का?" मला इथे धाप लागलेली, आणि ही बया चपलेची चौकशी करत मागून निवांत येणार.

शाळेमागच्या टेकडीवर पायवाटांचं जाळं होतं. चुकामूक होऊ नये म्हणून आम्ही एक नियम केला होता. फाटा आला की इंजिनानं थांबायचं. डबा नजरेला पडला की घंटी दोनदा वाजवायची आणि मगच पुढे निघायचं. गृहपाठ एकमेकींचा उतरवावा की नाही यावर आमची मतं रोज बदलायची. हा नियम मात्र आम्ही पाच वर्षं पाळला.

दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी मी तो मोडला. उतार मोकळा होता, माती छान घट्ट बसली होती, आणि ब्रेकला बोट लावावंसंच वाटत नव्हतं. खरं सांगते, इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. फाटा आला आणि गेला. पुढे गेल्यावर नियम आठवला, तेव्हा थांबायचं सोडून मी चालत्या सायकलवरूनच घंटी दोनदा वाजवली. म्हटलं, ऐकेल ती.

तिनं ऐकली. पण तिथे एक जुनी दगडखाण आहे. खाणीच्या भिंतीवर आपटून तो आवाज तिला डावीकडून आला, आणि ती डावीकडे वळली, ती थेट सायकलसकट खाणीत पडली. गुडघ्याची वाटी फुटली. दोन ऑपरेशनं झाली.

मी तिला भेटायला गेले नाही. पहिले दोन दिवस भीतीनं, पुढचे चार दिवस आता कुठल्या तोंडानं जाऊ म्हणून, आणि मग रोज उशीर वाढतच गेला. ती दवाखान्यातून घरी आल्यावर मी रोज संध्याकाळी सायकल काढायचे, तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जायचे आणि मागे फिरायचे. शेवटी पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात निघून गेले. पळून गेले म्हटलं तरी चालेल.

आता वसतिगृहात माझी सायकल खाटेला टेकून उभी असते. खोलीत माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे सायकलचं कौतुक जरा जास्तच होतं. रविवारी सकाळी मी कालव्याच्या कडेनं लांबवर जाते. मजा येते, खोटं कशाला बोलू? पण फाटा आला की पाय आपोआप जमिनीला टेकतो. मी मागे बघते. कुणी नसतं. मग वेड्यासारखी दोनदा घंटी वाजवते, आणि फिरायला आलेले एक आजोबा दचकून बाजूला होतात. मला एकच हवं होतं. तिनं मला पोटभर शिव्या द्याव्यात आणि पुन्हा माझ्या मागे यावं.

या सुट्टीत सायकल घेऊनच गावी आले आणि एकदाची तिच्याकडे गेले. तीन वर्षांनी, म्हणजे वरातीमागून घोडं. दार तिच्या आईनं उघडलं. "अगं बाई, तू?" म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. ती टेबलाशी बसून पुठ्ठ्याचं घर चिकटवत होती. इमारतींचे आराखडे काढायला शिकते आता. डावा पाय स्टुलावर सरळ ठेवलेला.

"बस," ती म्हणाली. "त्या जिन्याला हात लावू नकोस, गोंद ओला आहे."

मी बसले आणि पाठ केल्यासारखं बोलून टाकलं, "चूक माझी होती. मी फाट्यावर थांबले नव्हते."

"माहितीये. दुसरी घंटी पहिलीपेक्षा लांबून आली. उभ्या सायकलची घंटी अशी वाजत नाही. पडता पडताच कळलं मला."

"मग चिडली नाहीस?"

"चिडले की. दोन दिवस." तिनं पुठ्ठ्याची एक भिंत उभी केली आणि बोटानं दाबून धरली. "मला खिडकीपाशी झोपवायचे. तुझा मागचा ब्रेक कसा कर्कश वाजतो, तो मला ओळखू येणार नाही का? रोज सव्वासहाला कोपऱ्यावर वाजायचा. मी आईला सांगायचे, दार उघडं ठेव, उकडतंय."

माझी नजर दाराकडे गेली.

"एक्केचाळीस दिवस," ती म्हणाली. "बेचाळिसाव्या दिवशी वाजला नाही. आईला म्हटलं, लाव आता दार."

त्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन निघाले होते.

मी घाईघाईनं म्हणाले, "उद्या टेकडीवर जाऊ या का? चालत. तू पुढे, मी मागे. हवं तिथे थांब. मी काही बोलणार नाही."

ती हसली, अगदी शाळेतल्यासारखी. मला वाटलं, जमलं.

"राग नाहीये गं माझा," ती म्हणाली. "पण तुझी वाट बघायची सवय मोडायला मला फार दिवस लागले. आता ती परत लावून घ्यायची नाही मला."

चहा आला. आम्ही तिघींनी माझ्या कॉलेजबद्दल बोलत तो प्यायला. तिच्या आईनं पुन्हा यायला सांगितलं, मी हो म्हटलं. ती मान खाली घालून भिंतीची कड पुसत होती.

बाहेर आल्यावर मी सायकलवर बसले नाही. कोपऱ्यापर्यंत आणि त्याच्याही बरंच पुढे ती हातात धरून चालत गेले, ब्रेक वाजू नये म्हणून.