बिनसुरीच्या बाबांची पांढरी चरबी

टेबलावर झोपवलेल्या बाईंच्या पोटात बाबांची बोटं शिरली आणि हॉलमधल्या सगळ्यांचा श्वास एकदमच अडकला. आधी पेरं शिरली, मग अर्धी बोटं, मग जवळजवळ अख्खी. पोटाच्या वळीतून लाल ओघळ आला. बाबांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले, आत काहीतरी चाचपलं आणि लिंबाएवढा पांढराशुभ्र गोळा ओढून काढून स्टीलच्या वाडग्यात टाकला. शिष्याने टॉवेलने पोट पुसलं. ना चीर, ना टाका, ना साधा ओरखडा! बाई उठल्या, कपडे सारखे केले आणि हसत हसत खाली उतरल्या. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

"ही चरबी नव्हे!" बाबा माइकवर गरजले. "हे साचलेलं दुःख आहे! डॉक्टर चरबी कापतात, आम्ही दुःख उपटतो. त्यांच्याकडे सुरी आहे, आमच्याकडे स्पंदन आहे. सुरीला रक्त लागतं, स्पंदनाला फक्त श्रद्धा!"

हे स्पंदन ज्या हॉलमध्ये चालू होतं ते एक बुडालेलं फर्निचरचं दुकान होतं. भिंतीवर 'जुना सोफा आणा, नवा घेऊन जा' ही पाटी अजून तशीच होती. सोफे गेले होते आणि त्यांच्या जागी भाविक आले होते. बिनसुरीचे बाबा फक्त जाड माणसांनाच घेत. बारीक माणूस आला की म्हणत, "तुझं दुःख अजून पिकलेलं नाही."

तिसऱ्या रांगेत ताई बसली होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि टाळ्या न वाजवणारी त्या हॉलमध्ये ती एकटीच असावी. शेजारी दोन खुर्च्या जोडून तिचा धाकटा भाऊ बसला होता. त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि सगळी गल्ली त्याला वस्ताद म्हणायची. वस्तादाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघितलंस ताई?" तो कुजबुजला. "एक थेंबही मागे राहिला नाही."

वस्तादाला थेंबाचं एवढं का वाटावं, हे ताईला चांगलं माहीत होतं. त्याच्या हृदयातली एक झडप खराब होऊन तिथे धातूची झडप बसवली होती. धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी त्याला रोज घ्यावी लागे, जन्मभर. आता न्हाव्याच्या धंद्यात वस्तरा हातात, आणि अंगातलं रक्त असं की बोटाला जरा कापलं तरी थांबायचं नाव नाही. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर ताटकळायचं आणि वस्ताद कापूस दाबून कोपऱ्यात उभा राहायचा. त्यात वजन वाढतच चाललेलं. गुडघे गेले, जिना चढताना धाप लागायची. वजन उतरलं नाही तर हृदय फार दिवस ओढणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. ताई बरोबर गेली होती. बाईंनी काही लपवलं नाही. "तुमच्या बाबतीत ही दोरीवरची कसरत आहे," त्या म्हणाल्या. "गोळी चालू ठेवून कापलं तर रक्त थांबणार नाही. नुसतीच बंद केली तर झडपेवर गुठळी होईल. म्हणून गोळी थांबवायची आणि तिच्या जागी इंजेक्शनं द्यायची. त्यांचा असर लवकर उतरतो, म्हणून ती ऑपरेशनच्या थोडं आधी थांबवता येतात आणि नंतर पुन्हा सुरू करता येतात. हृदयाचे डॉक्टर रोज रक्त तपासतील. धोका आहे, पण तो आपल्याला मोजता येतो." मग त्यांनी ऑपरेशनची एक चित्रफीत दाखवली. आतली चरबी पिकल्या आंब्यासारखी पिवळीधमक होती. वस्तादाने डोळे घट्ट मिटून घेतले आणि घरी येऊन जाहीर केलं, "मरेन, पण पोट फाडून घेणार नाही."

अशा माणसाच्या कानावर बिनसुरीचे बाबा आले, मग काय विचारता!

त्या दिवशी प्रश्नोत्तरांत वस्ताद उभा राहिला. "बाबा, मी रक्त पातळ करायची गोळी घेतो."

"बंद!" बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "पातळ रक्तात स्पंदन वाहून जातं. आजपासून गोळी बंद आणि आमचं शुद्धिजल सुरू. पुढच्या आठवड्यात ये. वजनकाटाच तुला साक्ष देईल, बेटा."

बाहेर येताच ताईने त्याला धारेवर धरलं. "गोळीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

"अगं, तुझ्या सर्जनबाई काय वेगळं सांगत होत्या? ऑपरेशनच्या आधी गोळी बंदच करायची ना? बाबांना हे कोणी शिकवलं? म्हणजे माणसाला काहीतरी कळतंय!"

"त्या बदल्यात इंजेक्शन देणार होत्या!"

"तिथे सुरी आहे म्हणून इंजेक्शन. इथे सुरीच नाही." तो समजूत घालत हसला. "बरं बाई, घेतो गोळी. झालं समाधान?"

वस्ताद काही अडाणी नव्हता. हॉस्पिटलात ऐकलेल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्याने लक्षात ठेवला होता, आणि बाबांनी नेमका तेवढाच त्याला परत ऐकवला. खोटं पचायला जड जातं, पण अर्धं खरं माणूस मिटक्या मारत गिळतो.

आठवड्याने त्याचा नंबर आला. शुद्धिजलाने त्याला संडासातून बाहेर पडू दिलं नव्हतं. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. पण काटा खरंच चार किलो खाली आला होता, आणि बाबांनी तो आकडा माइकवर तीनदा वाचून दाखवला. नातेवाइकाने पायाशी हात जोडून उभं राहायची पद्धत होती. वस्तादाची बायको घाबरून मागे राहिली, म्हणून ताई पुढे झाली. हात मात्र तिने जोडले नाहीत.

जवळून पाहिल्यावर सगळा खेळ उघड होता. बाबा बोटं खुपसत नव्हते, ती मधल्या पेरात दुमडून पोटाच्या वळीत दाबत होते. जाड पोट गादीसारखं दबायचं आणि दुमडलेली बोटं आत गेल्यासारखी दिसायची. दुसरा हात शिष्याच्या टॉवेलखाली जाऊन आला. लाल ओघळ आला, पाठोपाठ पांढरा गोळा. शिष्य पुसायला वाकला तसा ताईने टॉवेल हिसकला. आतून फुटक्या फुग्याचा तुकडा पडला, लाल रंगाने माखलेला. तिने वाडग्यातला गोळा उचलला आणि तिच्या अंगावर काटा आला.

"हा थंडगार आहे!" ती ओरडली. "जिवंत माणसाच्या पोटातून निघालेली वस्तू थंड कशी असेल? ही फ्रिजमधून आलीय! आणि माणसाची चरबी पिवळी असते, मऊ असते. ही पांढरी, टणक, खाटकाकडची शेळीची चरबी आहे. या, हात लावून बघा!"

कोणी हात लावेना. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी बोट टेकवलं. "थंड आहे खरं," ते चाचरत म्हणाले.

"दुःख थंडच असतं!" बाबा कडाडले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पुरावा तिच्या तळहातावर थंडगार पडून होता आणि माणसं एका वाक्यावर टाळ्या पिटत होती! "अपशकुनी बाई, बाहेर काढा हिला," मागून कोणीतरी म्हणालं. दोघांनी तिला दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं.

वस्ताद मागोमाग बाहेर आला तो संतापून. "चारचौघांत माझी शोभा केलीस. माझं ऑपरेशन बिघडवलंस."

"गोळी घेतोयस ना?"

त्याने सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

"घेतोयस ना रे?"

"बंद करून आठवडा झाला," तो म्हणाला.

ताईने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. सर्जनबाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: असेल तसा घेऊन या. पण वस्ताद हट्टाला पेटला होता. तिच्या फोनवर त्याला नाचायचं नव्हतं. "उद्या जाऊ," तो म्हणाला. "सकाळची दोन ठरलेली गिऱ्हाइकं करतो आणि येतो." ताई रडली, बायको पाया पडली. तो हलला नाही.

सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लावता लावता त्याच्या उजव्या हातातून ब्रश गळून पडला. तो उचलायला वाकला आणि जमिनीवरच बसला. काळजीने दुकानातच येऊन बसलेल्या बायकोने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द निघेना आणि चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली होती.

"झडपेवर गुठळी धरली आणि तिचा तुकडा मेंदूत गेला," हॉस्पिटलात सर्जनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा शांत नव्हता. "गोळी बंद, वर जुलाबाचं औषध. ते चार किलो म्हणजे चरबी नव्हती, अंगातलं पाणी होतं. पाणी गेलं की रक्त आणखी दाटतं. काल आले असते तर कदाचित..."

वस्ताद वाचला. उजवा हात गेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. आणि गल्लीने काय म्हणावं? "बाबांना उलट बोलली ना बहीण! भोगलं बिचाऱ्याने." गोळीचं नाव कोणाच्या तोंडी नाही. ज्याने माणूस अपंग केला त्याचा दरारा उलट वाढला, हॉलमध्ये आणखी खुर्च्या आल्या. ताईने पोलिसांत तक्रार दिली. ते म्हणाले, बाबांनी तर अंगाला सुरीही लावलेली नाही.

ताईला रात्र रात्र संताप आवरेना. शेवटी एका रविवारी ती वस्तादाच्या दुकानात गेली. दुकान आता त्याची बायको एका कारागिराच्या मदतीने चालवत होती आणि वस्ताद आरशापुढच्या खुर्चीत बसून असे. गिऱ्हाइकांनी बाक भरला होता. ताईने खाटकाकडून आणलेला चरबीचा तुकडा आणि लाल रंग भरलेले दोन फुगे टॉवेलात गुंडाळले. "बिनसुरीचं ऑपरेशन बघायचंय कोणाला?" तिने विचारलं. "पोट मात्र कोणाचं तरी लागेल."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात वस्तादाने डाव्या हाताने आपला सदरा वर केला.

ताईने बोटं दुमडून त्याच्या पोटात दाबली, फुगा फोडला, गोळा काढला, पोट पुसलं. बाकावरून "अरे बापरे!" आलं. रस्त्यावरची माणसं दारात जमली. मग तिने तेच पुन्हा केलं, सावकाश, टॉवेल उघडा ठेवून. या वेळी बाकावरच्या एकाने फुटका फुगा उचलून बघितला.

"पण ताई," एकाने भीत भीत विचारलं, "वस्तादाला झालं ते मग बाबांच्या शापानेच ना?"

"मी," खुर्चीतून आवाज आला. वस्तादाच्या कपाळावर घाम आला होता. एकेक शब्द तो ओढून काढत होता. "मी. गोळी. बंद."

दारातल्या गर्दीतून शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू पुढे आल्या. अंगाने चांगल्याच जाड. त्यांनी पाकिटातून गोळ्यांची पट्टी काढून ताईपुढे धरली. "माझ्या पायात गुठळी झाली होती, तेव्हापासून ही घेते. बाबांकडे पुढच्या रविवारचा नंबर लागलाय. चार दिवसांपासून बंद केलीय. ही तीच का गं?"

ताईने पट्टी वाचली. "तीच आहे, काकू. तुमच्या मनाने परत सुरू करू नका, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ." मग ती दाराकडे वळली. "तुम्ही कोणावर विश्वास ठेवावा हे मी सांगत नाही. पण औषध बंद कर म्हणणाऱ्याला एवढं तरी विचारा: का बंद करायचं, बदल्यात काय देणार, आणि मला काही झालं तर जबाबदार कोण? डॉक्टर असो, बाबा असो, नाहीतर मी असो. ज्याला विचारलेलं खपत नाही, त्याच्या टेबलावर झोपू नका."

"येते हो डॉक्टरांकडे," काकू ओशाळून म्हणाल्या. "कपड्यांचा ढीग पडलाय, तेवढा उरकते. उद्या जाऊ."

वस्तादाने डावा हात खुर्चीवर आपटला. गेल्या कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून इतका स्पष्ट शब्द कोणी ऐकला नव्हता.

"आत्ता!"