बंद दारातलं गाऱ्हाणं

महादेवने खुर्चीला लाथ घातली. ती भिंतीवर आदळून उलटी पडली. खालच्या बेकरीत पावांचे ट्रे लावणाऱ्यांचं बोलणं क्षणभर थांबलं.

"खुर्ची मोडली तरी चालेल," गौरवी म्हणाली. "माझ्यावर हात नाही उगारायचा. हा पहिला नियम."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग स्वतःच खुर्ची सरळ केली आणि तिच्या टोकावर बसला.

डिचोलीच्या बाजारातली ही गौरवीची समुपदेशनाची खोली. सुर्ल्याच्या खाणीवर टिपर ट्रक चालवणारा महादेव इथे आपल्या मर्जीने आला नव्हता. काल चहाच्या गाड्यावर सोबतच्या ड्रायव्हरने नुसतं विचारलं होतं, "बायल कधी येतली रे चोपड्यासून?" महादेवने चाकाच्या पान्याने त्याचा जबडा फोडला. मालकाने टिपरची चावी काढून घेतली आणि सांगितलं, आधी त्या बाईंकडे जाऊन बस.

त्याची बायको लक्ष्मी चोपड्याला माहेरी गेली होती. जायच्या आदल्या दिवशी त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं होतं.

"आज फक्त कामाच्या गोष्टी सांगते, महादेवबाब. आठवड्यातून एकदा यायचं, ठरल्या वेळी. जमत नसेल तर आदल्या दिवशी फोन करायचा. दारू पिऊन यायचं नाही. औषधं मी देत नाही, लागली तर डॉक्टरांकडे पाठवीन. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं पाहिजे असंही नाही."

तो बोटांच्या पेरांवरचं सुकलेलं रक्त नखाने खरवडत होता.

"आणि इथे बोललेलं इथेच राहतं."

महादेव हसला. "ह्या बरा आसा. आमच्या गावात देवळात गाऱ्हाणा घालतत, तेवा गुरव मोठ्यान वरडता. 'ह्याच्या हातसून काय वायट घडत आसात, तर आडव रे म्हाराजा!' अख्खो गाव आयकता, नि सगळे म्हणतत, 'व्हय म्हाराजा!' म्हणान माका थंय जावक लाज."

"एक मात्र आहे," गौरवी म्हणाली. "कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मी गप्प बसणार नाही. त्या माणसाला कळवीन. वेळ पडली तर पोलिसांनाही."

त्याचं नख थांबलं.

"माका न इचारता?"

"आधी तुम्हाला सांगेन. पण तुम्ही नको म्हटलंत, तरी कळवीन."

तो उठून खिडकीपाशी गेला. खाली त्याची स्कूटर उभी होती. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला कोयता होता. सकाळी दगडावर धार लावून त्याने तो परसातल्या केळीवर चालवून पाहिला होता. एकाच घावात केळ आडवी झाली. तो ओला आवाज तेव्हापासून कानातून जात नव्हता, आणि दर वेळी केळीच्या जागी लक्ष्मीची मान दिसत होती.

तो दाराकडे वळला.

"कडी लावलेली नाही," गौरवी जागेवरूनच म्हणाली.

त्याने दार उघडलं. जिन्यातून भाजलेल्या पावाचा वास वर आला. तो तसाच उभा राहिला, दाराची फळी मुठीत आवळून.

"बाय, परत सांगा. मी नको म्हटला तरी?"

"तरी."

त्याने दार लोटलं. मागे येऊन स्कूटरची चावी टेबलावर ठेवली, आणि तिच्याकडे न बघता सासऱ्याचा नंबर सांगायला लागला.

"महादेवबाब, काय कळवायचंय?"

"सांजचा मी थंय जातलंय, ह्या सांगा. डिकीत कोयतो आसा, ह्याय सांगा."

गौरवीने फोन उचलला. नंबर लागला. ती एकेक वाक्य सावकाश, स्पष्ट बोलू लागली. तुमचा जावई इथे माझ्यासमोर आहे. लक्ष्मीला एकटं सोडू नका. तो आला तर दार उघडू नका.

महादेवने चपला काढल्या होत्या. खुर्चीपाशी तो मान खाली घालून, हात जोडून उभा होता. आणि तिच्या प्रत्येक वाक्यामागून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणत होता,

"व्हय म्हाराजा."