दगडांच्या खोक्याचं झाकण

ट्रॅक्टर घरी आला तेव्हा धाकट्या दिरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर टिचकी मारली आणि विचारलं, "वहिनी, याला चावी द्यायची की सेल घालायचे?"

मी हसले नाही. ट्रॅक्टर लहान होता हे मला दिसत होतं. आमच्या मोटारीच्या जागेत तो आरामात उभा राहिला आणि वर सायकलही मावली. पण पुढे उचलायचा लोडर होता, मागे हव्या त्या वस्तू अडकवायची सोय होती आणि ज्या रोपवाटिकेच्या मालकाकडून मी तो जुना घेतला, त्याने तो स्वतःच्या पोरासारखा जपला होता. मी बावीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. गाडी चांगली की वाईट हे मला सीटवर बसल्या बसल्या कळतं. निवृत्तीचे पैसे हातात पडले आणि मी तो घेऊन टाकला, कोणालाही न विचारता. विचारलं असतं तर सगळ्यांनी नाकं मुरडली असती.

घ्यायचं कारण आमच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. माझा नवरा सुतार. चाळीस वर्षं त्याने एकाच भाड्याच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. मागच्या वर्षी त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो अंथरुणावर असतानाच मालकाने जागा गोदामासाठी परत मागितली. सामान घरी आलं. त्यात त्याचं रंधा मशीन होतं, जुनं, बिडाचं, त्याच्या उस्तादाने जाताना त्याला दिलेलं. फळी एका बाजूने खरखरीत घाला, दुसऱ्या बाजूने आरशासारखी बाहेर येते.

डॉक्टर म्हणाले होते, "ओझं उचलू नका, पण काम जरूर करा." आमच्या माणसाने पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. आठ महिने. आधी कुठेही गेला तरी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवून बघायचा, हॉटेलात, बँकेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा. मला लाज वाटायची. आता तो कशालाच हात लावेना, आणि मला त्याची भीती वाटायला लागली.

मग दिरांनी मशीनला गिऱ्हाईक शोधलं. फर्निचरचं दुकान काढणारा एक माणूस सहा आठवड्यांनी, रविवारी, टेम्पो घेऊन येणार होता. वाईट हेतूने नाही केलं त्यांनी. गंजून जाण्यापेक्षा बरं, असं त्यांना वाटलं. नवऱ्यानेही मान हलवली. मी भडकले तेव्हा म्हणाला, "अगं, ठेवू कुठे ते? त्याच्या डोक्यावर छप्पर आलं तर नाही विकणार, बस?"

त्याने ते विषय मिटवायला म्हटलं होतं. मी तो दिलेला शब्द समजून धरून ठेवला. ते मशीन गेलं तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

घरामागे आमची जागा आहे, तिथेच वर्कशॉप बांधायचं मी ठरवलं, पण ती सगळी उतारावर. पहिले दहा दिवस मी फक्त माती कापत होते. लोडर खाली, थोडं पुढे, वर, मागे, वळ, ओत. पहिल्या दिवशी मी पाण्याचा नळ तोडला. दुसऱ्या दिवशी कुंपणाचा एक खांब. तिसऱ्या दिवसापासून हात बसला. कापलेली माती पुढच्या बाजूला नेऊन मी फुलझाडांसाठी तीन पायऱ्यांचे वाफे केले आणि निघालेले दगड एका कडेला रचून ठेवले. वर्कशॉपपर्यंत जायला खडीची रुंद वाट केली. शेजारीण रोज कपडे वाळत घालायला येऊन तासभर तिथेच उभी राहायची, तिच्या बादलीत मला एकदा दोनच रुमाल दिसले.

खांबांसाठी खड्डे पाडायला मी ट्रॅक्टरमागे लावायचा एक भलामोठा फिरता स्क्रू आणला. तो जमिनीत घुसायला लागला तशी व्हरांड्यातून हाक आली.

"गिरमिट वाकडं चाललंय."

आठ महिन्यांत त्याने आपणहून काढलेलं ते पहिलं कामाचं वाक्य. मी मुद्दाम ऐकू आलं नाही असं दाखवलं.

"अगं, ते गिरमिट सरळ धर! उजवीकडे झुकलंय!"

मी सरळ धरलं. दुसऱ्या दिवशी तो खुर्ची व्हरांड्याच्या कडेला घेऊन बसला, तिसऱ्या दिवशी ओळंबा मागून घेतला आणि लांबूनच, एक डोळा मिटून, माझे खांब तपासायला लागला. नालायक खांब कुठला तेवढं सांगायचा. पण पायऱ्या उतरून खाली काही आला नाही.

गवंड्याने जमीन घातली, भिंती वर आल्या, छपराच्या कैच्या मी लोडरवरून एक एक करून वर दिल्या, पत्रे बसले. वायरमन शुक्रवारी जोडणी करून गेला. शनिवारी सकाळी एकच गोष्ट बाकी होती. मशीन आत न्यायचं.

दीर मुद्दाम बघायला आले, हातात चहाचा कप घेऊन. मी लोडरला काटे जोडले, मशीनखाली घातले आणि लोडरचा दांडा ओढला. ट्रॅक्टर कण्हला. मशीन चार बोटं वर आलं, वीतभर वर आलं. मी वाट धरायला ट्रॅक्टर वळवला आणि माझी सीट वर उचलली गेली.

आधी मला वाटलं, चाक दगडावर चढलं. मागे पाहिलं तर मागची दोन्ही चाकं हवेत. पाय आपोआप ब्रेकवर गेला, पण ब्रेक त्याच चाकांना, आणि ती तर जमीन सोडून वर. ट्रॅक्टर मशीनपुढे नमस्कार घातल्यासारखा वाकला.

"खाली! खाली सोड! दांडा पुढे कर!"

मी दांडा पुढे केला. मशीन जमिनीवर टेकलं, मागची चाकं धप्पकन खाली आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मान वर करून पाहते तर नवरा समोर उभा. अनवाणी. व्हरांड्याच्या पाच पायऱ्या तो कधी उतरला ते त्यालाही कळलं नसावं.

"तरी मी म्हणत होतो," दीर म्हणाले. "खेळण्याचं काम नाही हे. उद्या टेम्पो येतोच आहे, जाऊ द्या."

मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. राग स्वतःचाच. ट्रॅक्टरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, पुढे जड उचलताना मागे भार लावा. मी वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. बावीस वर्षं माझं ओझं मागेच असायचं, साठ पोरं आणि त्यांची दप्तरं. मागची चाकं उचलली जातील हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

नवऱ्याने ट्रॅक्टरभोवती फेरी मारली. मशीनवर हात ठेवला. मग अंगठा कडेवरून फिरवला.

"तराजू आहे हा," तो म्हणाला. "पुढच्या पारड्यात एवढं बीड आणि मागच्या पारड्यात काय? तू आणि तुझी पाण्याची बाटली."

"मग काय करायचं?"

"मागे खोकं लटकवायचं, दगडांनी भरलेलं. दगड तू काढून ठेवलेच आहेस." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "माझी करवत कुठे ठेवलीस?"

करवत कुठे ठेवली हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. जुन्या दाराच्या जाड फळ्या त्याने निवडल्या, मी आणि दिरांनी त्या सुतारकामाच्या लाकडी घोड्यावर चढवल्या, कारण ओझं उचलायचं नाही हे त्याने पक्कं पाळलं. बाकी सगळं त्याने केलं. खुणा, काप, छिन्नी. कोपऱ्यांना एकमेकांत गुंतलेले दाते पाडायला लागला तेव्हा दिरांना राहवलं नाही.

"दादा, दगड भरायचेत. खिळे मार आणि मोकळा हो."

"खिळे निघतात," नवरा म्हणाला. बस, एवढंच.

दुपारी खोकं तयार झालं. लोखंडी पट्ट्या लावून ते ट्रॅक्टरमागे अडकवलं आणि मी दिरांकडे वळले. "भाऊजी, कप ठेवा खाली. आता हात लागू द्या."

दिरांनी दगड भरले. त्यांच्या शर्टाची पार वाट लागली, पण कुरकुर केली नाही हे मला कबूल करायला हवं. शेवटचा दगड टाकून त्यांनी स्वतःच चाकावर लाथ मारली आणि म्हणाले, "उचला, वहिनी."

मी दांडा ओढला. मशीन वर आलं. सीट जागची हलली नाही. मागची चाकं जमिनीत पाय रोवून उभी. अगदी थोडंसं वर ठेवून, चालत्या माणसाच्या वेगाने, मी खडीच्या वाटेवरून निघाले. बाजूला, माझ्या नजरेच्या टप्प्यात, नवरा उलटा चालत होता, दोन्ही हातांनी मला खुणा करत. या, या, जरा डावीकडे, या. आयुष्यभर मी आरशांवर विश्वास ठेवला, कंडक्टरच्या ओरडण्यावरसुद्धा कधी नाही. त्या दिवशी मी फक्त त्याच्या हातांकडे पाहिलं. दारात दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा राहिली. मशीन ठरल्या जागी टेकलं. त्याने वर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा थोडा इकडे, थोडा तिकडे झाला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला.

"आलं बाई घरात!" मी ओरडले. शेजारणीने कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. बादली तिच्याकडे होतीच.

रविवारी सकाळी टेम्पो आला. दीर त्या माणसाला घेऊन मागच्या बाजूला आले तेव्हा मशीन चालू होतं. आवाज एवढा, की कोणालाच बोलता येईना. आम्ही तिघं दारात उभे राहिलो. नवरा फळी आत सरकवत होता आणि पांढऱ्या ढलप्या त्याच्या पायांवर, चपलांत, सगळीकडे उडत होत्या. फळी बाहेर आली तशी त्याने बटण बंद केलं.

"हेच का ते मशीन?" त्या माणसाने विचारलं.

"हेच," नवरा म्हणाला. "पण ते आता देता येणार नाही. तुम्हाला फुकट खेप पडली, माफ करा."

तो माणूस चिडेल असं मला वाटलं. त्याने फळी हातात घेतली, उजेडात तिरकी धरली आणि तळवा फिरवला. मग म्हणाला, "मशीन नाही तर नाही. टेबलांची कामं घ्याल का माझी?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "घेऊ. लाकूड उतरवायचं काम हिचं. हिचा ट्रॅक्टर आहे."

दिरांनी त्या माणसाला चहाला पुढे नेलं. जाता जाता मला हळूच विचारलं, आमच्याही मागची जागा जरा सपाट करून द्याल का. मी म्हटलं, सेल संपलेत, बघते.

मी मागे राहिले. नवरा ती फळी मापून कापत होता. कडा गोल केल्या, बिजागऱ्या लावल्या आणि ट्रॅक्टरकडे जाऊन ती खोक्यावर बसवली. झाकण होतं ते. दगडांच्या खोक्याला, आरशासारखं.

"अहो, हे काय? मशीनवरची पहिली फळी, आणि ती दगडांवर?"

"तुझ्या पाठीशी राहणार ना ते," तो म्हणाला. "आता बस, वर जाऊन ये. वाजतंय का बघू."

मी ट्रॅक्टर चालू केला आणि खडीच्या वाटेवरून वरपर्यंत गेले, वळले, परत आले. वाटेच्या टोकाला तो उभा होता, दोन्ही हात वर करून मला या, या म्हणत, आणि माझ्या मागे ते झाकण एकदाही वाजलं नाही.