भोकाचा पैसा

धवलने माशांच्या टाकीतून बादलीत सोडलेल्या नळीला गाठ मारली, दुहेरी पीळ देऊन टोक आत खोचलं आणि बादलीत पडणारे थेंब मोजू लागला. सेकंदाला एक. एक थेंब जास्तीचा पडला तशी त्याने गाठ केसभर आवळली.

आभा ओवीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओवीच्या मुठीतलं बिस्किट भिजून आभाच्या खांद्यावर ओघळत होतं.

बादलीच्या तळाशी तो जीव पडला होता, मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात आलेला. अ‍ॅनिमोन. समुद्रातलं फूल म्हणून धवलने महिनाभर ज्याचे व्हिडिओ दाखवले होते, ते प्रत्यक्षात धुवायला टाकलेल्या मोज्यासारखं दिसत होतं.

"किती वेळ चालणार हे?"

"तीन तास. कमीत कमी."

"तीन तास."

"एकदम नव्या पाण्यात टाकलं तर शॉक बसतो गं. हळूहळू सवय करावी लागते. जीव आहे तो."

भाताच्या घासात खडा लागावा तसं आभाने तोंड केलं. सोमवारपासून तिला सातपूरला कामावर हजर व्हायचं होतं. तिची रजा संपली होती, वाढवूनही संपली होती. ओवी सोमवारपासूनच लताबाईंच्या पाळणाघरात जाणार होती. लताबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, आणि आठवडाभर आई नाहीतर बाप जवळ बसायला हवा. हे तिने धवलला पंधरा दिवसांत चारदा सांगितलं होतं. चारही वेळा त्याचं उत्तर एकच होतं. पोरं दोन दिवस रडतात, मग होते सवय. आणि मला रजा कुठे आहे?

आज शुक्रवार होता. धवल रजेवर होता.

"लाईट बंद कर ना जरा," तो म्हणाला. "डोळ्यांवर येतो."

"त्याला डोळे आहेत?"

 धवल वही उघडून बसला. वहीत आखलेले रकाने होते: तापमान, क्षार, आणखी काय काय, सगळं दशांश चिन्हानंतर तीन आकडे. ओवीच्या लसीची तारीख त्याला विचारली असती तर त्याने मोबाईल काढून आभालाच मेसेज केला असता.

टाकीच्या काचेवर त्याने एक कागद चिकटवला होता. 'तांबं चालणार नाही', लाल अक्षरांत, खाली दोन रेघा. त्या कागदापायी आभाची माहेरची तांब्याची कळशी आधी ओट्यावरून आणि मग घरातूनच गेली होती. तांबं म्हणजे यांना विष, हे त्याने कामवाल्या साळूबाईंनाही समजावलं होतं. साळूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या होत्या, "माणसं तांब्याचं पाणी पिऊन शंभर वर्सं जगत्यात आन् ह्ये माशे मरत्यात. लय नाजूक हाय बया."

पाच वाजता धवलचे वडील, नाना, आले. पंचवटीतून रिक्षाने, धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी. चाळीस वर्षं रामकुंडावर यात्रेकरूंची कामं करून त्यांचा आवाज असा झाला होता की साधं 'पाणी दे' म्हणाले तरी संकल्प सोडल्यासारखं वाटायचं.

अ‍ॅनिमोन तोवर टाकीत गेलं होतं. एका खडकाला चिकटून ते हळूहळू फुलत होतं. नाना चष्मा वर करून वाकले.

"काय म्हणतात याला?"

"अ‍ॅनिमोन, नाना."

"अनामिक?"

"अ‍ॅनिमोन. फूल दिसतं, पण प्राणी आहे."

"खातो काय?"

धवल काच पुसायला लागला. आभाने ती संधी सोडली नाही. "कोळंबी खातो, नाना. आपल्या फ्रिजमध्येच असते. वरच्या खणात कोळंबी, खालच्या खणात तुमचा प्रसाद."

नाना दोन पावलं मागे सरले. मग बहुधा मुलाचा चेहरा पाहून पुन्हा पुढे आले. "असो. ज्याचा त्याचा आहार. पाणी खारं आहे म्हणतोस?"

"समुद्रासारखं. मीठ मोजून घालतो."

"म्हणजे समुद्रच की हा."

तेवढ्यात धवलचा फोन वाजला. मत्स्यपालांचा ग्रुप आहे म्हणे त्यांचा, बारा जण. एकमेकांना 'सर' म्हणतात. तो बोलत बोलत बाल्कनीत गेला.

नानांनी पिशवीतून एक चंची काढली. चंचीत जुनी नाणी होती, त्यांच्या आजोबांपासून जमवलेली. त्यातलं एक त्यांनी चिमटीत धरलं. काळपट, मधे मोठं भोक असलेलं.

"भोकाचा पैसा," ते ओवीला दाखवत म्हणाले. "आता मिळत नाही. घरात समुद्र आला, नवा जीव आला, आणि कोणी काही वाहिलं नाही. गंगेला आपण रिकाम्या हाताने भेटतो का?"

आभाला ते कळलं. पैसा नानांच्या कपाळाला लागला, त्यांचे ओठ हलले, हात टाकीवर गेला, आणि तिला पूर्ण कळलं. नाना, थांबा. तांबं आहे ते. शब्द तयार होते, जिभेवर होते.

बाल्कनीतून धवलचा आवाज आला. "नाही हो सर, रजेचं काय, शिल्लक आहे की भरपूर. लागली तर सोमवारपासून आठवडाभर टाकतो. पहिला आठवडाच क्रिटिकल."

आभाने तोंड मिटलं.

पैसा डुलत खाली गेला, खडकाच्या मागे वाळूत आडवा पडला. भोक तेवढं दिसत राहिलं, डोळ्यासारखं. मग टाकीतल्या दोन माशांपैकी एकाने शेपटी हलवली आणि तेही वाळूत गेलं.

"सुखी राहा," नाना टाकीला म्हणाले.

"चहा टाकते," आभा म्हणाली.

शनिवारी दुपारी अ‍ॅनिमोन आक्रसलं. रविवारी ते खडकावर लोंबत होतं आणि त्याच्या मधलं तोंड उघडं पडलं होतं. धवल चार वेळा टाकीशी उकिडवा बसला, चार वेळा काचेच्या नळ्यांत थेंब टाकून रंग पाहिले, बारा सरांना फोटो पाठवले. तांबं तपासायचं किट त्याने कधी घेतलंच नव्हतं. आपल्या घरात तांबं येणार कुठून?

आभा ओवीला खिमटी भरवत सगळं बघत होती. तिला वाईट वाटत नव्हतं. ती वाट पाहत होती, आणि एवढ्या शांतपणे आपण वाट पाहू शकतो, याचं तिला थोडं नवल वाटत होतं.

संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून रजा टाकतो."

"मोज्यासाठी?"

"आभा, प्लीज."

"टाक की. शिल्लक आहे भरपूर."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरीच आहे तर ओवीला मी नेतो लताबाईंकडे. बसेन तिथे तासभर."

हवं ते मिळालं होतं. आभाने ओवीचं तोंड पुसलं, गरजेपेक्षा जरा जोरात.

सोमवारी ती कंपनीच्या बसने गेली. संध्याकाळी परतली तेव्हा टाकीवर मोठा टॉवेल टाकलेला होता. "उजेड नको त्याला," धवल म्हणाला. ओवी एक तास राहिली होती, अर्धा तास रडली होती. मंगळवारी दोन तास. बुधवारी ती लताबाईंच्या मांडीवर बसून मुरमुरे खात होती, आणि धवलला दाराबाहेर पायरीवर बसवून ठेवलं होतं, तिला दिसेल असं. गुरुवारी तिने बापाला टाटा केला.

"वळूनसुद्धा बघितलं नाही गं," तो हसत म्हणाला, आणि हसणं लांबवून चष्मा पुसत बसला.

टॉवेल तसाच होता. आभा त्या भिंतीकडे बघायची नाही. टॉवेलामागे काय उरलं असेल ते तिला ठाऊक होतं. एका प्राण्यासाठी आठवडाभर घरी बसणारा हा माणूस पोटच्या पोरीसाठी एक दिवस देत नव्हता. मग तिने केलं त्यात चुकलं काय? बसमध्ये हा प्रश्न ती रोज स्वतःला विचारायची, आणि सातपूर येईपर्यंत उत्तर नीट घडी घालून ठेवायची.

शनिवारी सकाळी तिने ओवीला अंघोळीला घेतलं. आठवडाभर अंघोळ धवलने घातली होती. झबलं वर केलं आणि तिचा हात थांबला.

ओवीच्या कमरेच्या काळ्या करदोड्यात भोकाचा पैसा ओवला होता. घासून लख्ख केलेला, तांबूस.

"हे कोणी बांधलं?" आवाज तिचा तिलाच बारीक वाटला. "सुटलं तर तोंडात घालेल ती."

धवल बाथरूमच्या दारात आला. हातात कोरडा पंचा होता. "सुटणार नाही. ओढून बघ."

तिने ओढून पाहिलं नाही. दुहेरी पीळ होता, टोक आत खोचलेलं. असली गाठ नाना मारत नाहीत.

"नाना म्हणाले, लहान मुलांच्या कमरेला असावा. दृष्ट लागत नाही," तो म्हणाला. "त्या शुक्रवारी काय वाहिलं तेही सांगितलं त्यांनी. तू तिथेच होतीस म्हणाले, ओवीला घेऊन."

बादलीत नळ वाहत होता. आभाने तो बंद केला.

"कधी सापडला?"

"सोमवारी. तू गेलीस आणि लगेच. मग रोज थोडं थोडं पाणी बदललं."

सोमवार. तिने मनात मोजलं: एक तास, दोन तास, पायरी, टाटा. ती उठली, ओवीला तशीच उघडी कडेवर घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि टॉवेलाचं टोक वर केलं. खडकावर अ‍ॅनिमोन पुरतं उमललं होतं, ताटाएवढं, आणि त्याच्या झिरमिळ्यांत दोन्ही मासे निवांत लोळत होते. ओवीने काचेवर तळवा ठेवला.

"हे कधीपासून असं?"

"बुधवारपासून," धवल मागून म्हणाला.

 तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याने नुसता पंचा तिच्या खांद्यावर टाकला, जिथे ओवी बिस्किट ओघळवते तिथे.

"पाणी गार होईल," तो म्हणाला.

आभा परत मोरीत जाऊन पाटावर बसली. तिने कोपर बादलीत बुडवून पाहिलं. मग ओवीच्या पायांवर पाणी घातलं, अगदी थोडं, आणि थांबली. मग आणखी थोडं.