सुईबाबा आणि नाराज मशीन

हॉलमध्ये एवढी माणसं दाटली होती की कोपऱ्यातल्या शिलाई मशीनलाच अंग चोरून उभं राहावं लागत होतं. मशीन सासूबाईंच्या दिवंगत सासूचं, अनेक वर्षं निमूट चालणारं. पण हल्ली सून शिवायला बसली की कापडाखाली दोऱ्याचं घरटं तयार व्हायचं. तिने सुई बदलली, तेल घातलं, आतला कचरा साफ केला; गुंता हटेना. शेवटी सासूबाईंनी सुईबाबांना बोलावलं.

बाबा मशीनच्या कानात काहीतरी पुटपुटले. मशीनला कान कुठे असतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मग त्यांनी दोरा ओवला, चाक फिरवलं आणि शिवण सरळसोट आली. नंतर सुनेने नव्याने दोरा ओवला. पुन्हा घरटं.

"हाताचा दोष," बाबा म्हणाले. "थोरल्या मालकीणबाई नाराज आहेत. मशीन आश्रमात न्यावं लागेल." आश्रम कुठे होता देव जाणे, टेम्पो मात्र दाराशी तयार होता.

मला आधीपासूनच वाटत होतं, असं शेजारीण म्हणाली. तिला सगळंच आधीपासून वाटत असे.

"जोड हात," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "सगळ्यांसमोर म्हण, माझ्या हाताला दोष आहे."

सुनेने हात जोडले नाहीत. बाबा पुटपुटत असताना त्यांचं एक बोट काय करतं, ते तिने टिपलं होतं. कापड दाबून धरणारी पट्टी, म्हणजे मशीनचा पाय, तिने वर उचलला आणि दोरा ओवला. मंत्र नाही, काही नाही. शिवण सरळ. मग पाय खाली ठेवून दोरा ओवला आणि म्हणाली, "आता बाबा, तुम्ही चालवा. हात तुमचा, मंत्रही तुमचा."

बाबांच्या हातूनही घरटंच निघालं.

"दोरा दोन चकत्यांमध्ये धरला जातो," सून म्हणाली. "पाय खाली असला की त्या मिटलेल्या असतात. दोरा आत शिरत नाही, सैल सुटतो आणि खाली गुंततो."

बाबांना तेवढ्यात दुसरीकडचा एक चमत्कार आठवला. टेम्पो रिकामाच गेला.

"पण तू पाय खाली ठेवून ओवायचीसच का गं?" शेजारणीने विचारलं.

सून दोऱ्याचे तुटके तुकडे गोळा करू लागली. सासूबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. कापड नसताना मशीनचा पाय उघडा वर ठेवायचा नाही, दोरा ओवतानाही नाही, असं सुनेला दटावलं होतं त्यांनीच. तेव्हापासून हा गुंता.

"मी सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांनाच ओळखू येईना.

माणसं पांगली. मशीन अडलं तर आधी मशीन बघावं, आपण काय शिकवलं ते बघावं. माणसाचा हात आणि मेलेल्यांची नाराजी त्यात ओढू नये. हे समजायला अंगात यावं लागत नाही.

सून चहा करायला गेली. सासूबाई त्या कापडातलं घरटं सुईने उसवत बसल्या. सुनेने परत येऊन कापड मागितलं, तरी त्यांनी ते दिलं नाही.