एलीत्नी

“काका, ‘एलीत्नी’ का काढलात तुम्ही?” पर्णिकानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “बिल्डरला तोच वर्ड हवाय. सगळ्या रशियन ॲड्समध्ये असतो.”

“चुकून गेला असेल,” भानुदास म्हणाले आणि त्यांनी शब्द परत टाकला.

बर दुबईतल्या या जाहिरात कंपनीत ते रशियन मजकूर लिहीत आणि जाहिरात वाचून येणारे रशियन फोनही घेत. भाषा ते क्रास्नोदारला शिकले होते, सोव्हिएत काळात, शेतकी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीवर. तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांत ‘एलीत्नी’ म्हटलं की बियाणं समजायचं, पारखून राखलेला गहू. पुढे तो देश मोडला आणि वर्तमानपत्रं तोच शब्द फ्लॅटना, गाड्यांना, शाळांना लावू लागली. भानुदासांनाही गावी परतल्यावर बियाण्याचं काम मिळालं नाही. मग ते आखातात आले; मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरकीपर म्हणून वर्षं गेली. दुबईत रशियन गिऱ्हाईक वाढलं, तेव्हा कुणाला तरी त्यांची भाषा आठवली.

दुपारी एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. तिचा मुलगा दुबईत नोकरीला होता. जाहिरात त्यानंच तिला पाठवली होती.

“एलीत्नी घर म्हणजे कसं हो?” तिनं रशियनमध्ये विचारलं. “आम्ही शेतावर बियाण्याला म्हणायचो. माझा जन्म ते निवडण्यात गेला.”

“मीही निवडलंय,” भानुदास म्हणाले. “क्रास्नोदारला शिकायला होतो.”



“मग तुम्हीच खरं सांगा. माती आहे का तिथं?”

समोर पर्णिका बसली होती. तिला रशियन येत नव्हतं.

“नाही. बाल्कनी आहे, पण उन्हाळ्यात तिथं उभं राहवत नाही. एलीत्नी म्हणजे आता नुसतं महागडं. तुमचं अंगण असेल, तर ते विकू नका.”

“ते विकलं मुलानं,” बाई शांतपणे म्हणाली. “जर्दाळूच्या झाडांसकट. मी कुंड्यांसाठी विचारत होते. किती मावतील?”

भानुदासांनी फ्लॅटचा नकाशा जवळ ओढला आणि बाल्कनीची रुंदी पाहिली.

“तीन,” ते म्हणाले. “चौथी घरात, खिडकीशी.”

“काय म्हणतायत, काका?” पर्णिकानं हळूच विचारलं. “इंटरेस्टेड आहेत?”

“येतायत.”

फोन त्यांच्या कानाशीच होता. पलीकडे ती बाई कुंड्यांचा आकडा स्वतःशी पुटपुटत लिहून घेत होती. तिचं लिहून होईपर्यंत ते थांबले.