मला नळाखाली धुऊ नका

मी एक जुनी, गोल, पोलादी जाळी आहे. लॉन्ड्रीतल्या मोठ्या यंत्राचं मळकं पाणी ज्या नळीतून बाहेर पडतं, तिच्यावरच्या डब्यात माझा मुक्काम. मित्रांनो, माझी छिद्रं उजेडासमोर धरलीत तरी मोजता यायची नाहीत. मला विणणारा कारागीर म्हणाला होता, "हिच्यातून पाणी जाईल, धागा नाही." तेव्हापासून माझी मान जरा ताठच आहे.

लॉन्ड्रीवाल्या बाईंनी मला आणलं ते सासऱ्यांच्या धाकानं. लॉन्ड्रीचं पाणी गटारातून थेट खाडीत जातं आणि तिथेच सासरे पाण्यात सोडलेल्या दोरांवर कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवतात. त्या कालवांत त्यांना भिंगाखाली निळे धागे सापडले होते. "नातीच्या पोटात प्लॅस्टिक घालायचं नाही मला. हे थांबलं नाही तर दोर उपटून टाकीन," असं त्यांनी बजावलं होतं.

पहिल्याच दिवशी हॉटेलची निळी पांघरुणं आली. धुणं झाल्यावर बाईंनी मला बाहेर काढलं आणि आम्ही दोघी थक्क झालो. माझ्या अंगावर निळा, मऊ, जाड थर! पांघरुणांना तर एक भोकही नव्हतं. त्यांचं सूत प्लॅस्टिकचं असतं आणि दर धुण्याला ते झडतं, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांना कधी न दिसणारं असं एकदम समोर आलं होतं.

बाई मोठ्या टापटिपीच्या. रोज संध्याकाळी मला नळाखाली घासून लख्ख करत, गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवत. मीही फुशारून जाई. वर्षभरानं सासऱ्यांनी कालव उघडलं. धागे तेवढेच!

"सूनबाई, तुझी जाळी नुसती शोभेची. उद्या दोर काढतो."

बाईंचा चेहरा उतरला. तरी हात सवयीनं मला घेऊन नळाकडे वळलाच. सासरे बघत होते.

"अगं, हे पाणी कुठे जातं?"

"मोरीत, बाबा."

"आणि मोरीतून?"

बाईंनी नळ बंद केला आणि डोक्याला हात लावला. दिवसभर मी जे अडवत होते, ते आम्हीच रोज संध्याकाळी खाडीत सोडत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासऱ्यांनी आणखी एक वर्ष दिलं. आता बाई मला आधी वाळवतात, मग कोरड्या ब्रशनं झाडून सारं बरणीत भरतात. खिडकीत अशा सात बरण्या उभ्या आहेत. बडबडी गिऱ्हाइकंही आता त्या उचलून उजेडासमोर धरतात.

काल सासऱ्यांनी पुन्हा कालव उघडलं. भिंग बराच वेळ फिरवलं.

"धागा आहे," ते म्हणाले. "पण एकच. राहू देत दोर."

मित्रांनो, आता माझ्या कडेची तार सुटली आहे. माझ्या जागी नवी येईल. तिला लख्ख करण्याची घाई करू नका. नळाला हात लावण्याआधी एवढंच विचारा, हे पाणी पुढे कुठे जातं?